पळसाचा शालिक

शालिक,

काल तुझी तेरवी झाली. पंगत उठली, मागून आणलेली पातेली घासून ज्याची त्याला परत केली, ताडपत्री सोडली, आणि घरी येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की या महिनाभरात तुझ्याशी बोलायचंच राहून गेलं. तुझ्याबद्दल बोललो खूप. पोलिसांशी बोललो, नावाड्यांशी बोललो, क्रियाकर्म करणाऱ्या गुरुजींशी, तुझ्या बहिणीशी, ज्यांची तोंडंही कधी पाहिली नव्हती अशा माणसांशी. तुझ्याशी नाही. आज ड्युटी करून आलो आणि कागद घेऊन बसलो. पाठ भरून आली आहे, पण झोप येत नाही.

लोक म्हणतात, सदानं शालिकला अग्नी दिला. मी मान हलवतो. कोणाकोणाला समजावत बसू? तुला तर ठाऊक आहे. मी अग्नी दिला तो पळसाच्या काड्यांच्या पुतळ्याला. तू अजून पाण्यातच आहेस कुठेतरी.

मला तुझा राग आला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोळ्याला तू बहिणीकडे, यमूताईकडे, शिवनाथ नदीच्या पलीकडे गेलास, ठीक. दुसऱ्या दिवशी दुपारची शिफ्ट होती म्हणून सकाळीच सायकल काढून निघालास, तेही ठीक. पण नदीवरचा रपटा, तो बुटका पूल, पाण्याखाली गेलेला दिसत होता ना तुला? अलीकडच्या काठावर दोन गुराखी उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर करून तुला थांब म्हटलं. तूही त्यांना हात केलास, सायकल खांद्यावर घेतलीस आणि पाण्यात उतरलास. मधोमध पोचलास आणि पाय सुटला. हातानं इशारे करून क्रेनवाल्याला एवढाले लोखंडी खांब बोटभर इकडचे तिकडे करायला लावणारा तू कारखान्यातला खलाशी, आणि दोन माणसांचा साधा इशारा तुला समजला नाही. की समजला होता, आणि नेहमीसारखं तुला आपलंच खरं करायचं होतं?

सायकल मिळाली, खूप खाली, बाभळीत अडकलेली. तू मिळाला नाहीस.

बारा दिवस मी रोज नदीवर गेलो. शिफ्ट सुटली की दुर्ग ओलांडून काठ गाठायचा आणि उजेड आहे तोवर चालायचं. पहिले दोन-तीन दिवस सोबत माणसं होती. मग एकेक जण कमी झाला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शेवटी शेवटी नावाडी मला लांबून पाहूनच मान हलवायचे. मी तरी पुढे जायचो, कारण परत गेलो की तुझी माय दारात बसलेली असायची आणि तिला काहीतरी सांगावं लागायचं. नदीवर जाऊन आलो, एवढं तरी सांगता यायचं.

या सगळ्यात तो सिनेमा मध्ये येतोच, शालिक. तुझी आठवण काढायची आणि त्याची काढायची नाही, हे मला जमत नाही.

आपण साकोलीकडचं गाव सोडून इथे आलो तेव्हा लोखंडाच्या कारखान्याच्या नुसत्या खुंट्या आणि दोऱ्या होत्या, बाकी सगळी धानाची बांधी. माझ्या हातात विटा आल्या, भट्टीच्या आत लावायच्या. तुझ्या गळ्यात शिट्टी आली. रशियन साहेबांच्या हाताखाली राहून तू त्यांचे वीस-पंचवीस शब्द उचललेस. वर घे, खाली सोड, थांब, सावकाश, झकास. सगळे क्रेनवरचे. पण आपल्या मजूरवस्तीत, कॅम्प-एकमध्ये, तू असा फिरायचास, जसा काही त्यांच्याच गावात वाढला आहेस. मायला पाणी मागतानाही त्यांच्या भाषेत ‘झकास’ म्हणायचास आणि माय म्हणायची, ‘‘हो बाप्पा, झकास, आता गिलास ठेव तिकडं.’’

साहेब लोक मैदानात पडदा बांधून त्यांच्याकडचे सिनेमे दाखवायचे. भाषा कोणालाच यायची नाही, म्हणून दुर्गचे जोगळेकर दुभाषी माइक धरून बाजूला उभे राहायचे आणि काय चाललं आहे ते हिंदीतून सांगायचे. पण सांगायचे कसे, तर हजेरी घेतल्यासारखे. त्या दिवशी ते रजेवर होते. पडदा बांधलेला, मैदान भरलेलं, पडद्याच्या मागल्या बाजूलाही लोक बसलेले, आणि सांगायला कोणी नाही. तू उठलास. मी तुझा सदरा धरला होता, आठवतं? ‘‘तुले येते का बे?’’ मी म्हटलं. तू म्हणालास, ‘‘न याले काय झालं? रोज त्यायच्याशीच बोलून राहिलो.’’

सिनेमात एक म्हातारी आई होती. तिचा मुलगा रॉकेटमध्ये बसून आभाळात जातो. त्यांचा माणूस खरंच वर जाऊन आला होता, त्यामुळे इथवर सगळ्यांना पटलं. मग बरेच दिवस काही बातमी नाही. मग एक दिवस मुलगा येतो, पण काचेच्या खोलीत निजलेला, छातीला तारा, डोळे उघडे आणि नजर कुठेतरी भलतीकडेच. उठतो तो ताठ. चालतो तो ताठ. आई पाव पुढे करते, तो नुसता पावाकडे पाहत राहतो. सगळे तुझ्याकडे पाहायला लागले, आणि तू माइक तोंडाजवळ घेऊन म्हणालास,

‘‘पाहा बाप्पा, हा जो आला ना, हा तो नाई. खरा पोरगा वरच राहिला, गेला बिचारा. मायचं मन राहावं म्हनून सरकारनं कारखान्यात बनवून धाडला हा. आत तारा हायेत त्याच्या, नटबोल्ट पान्यानं कसले हायेत.’’

मग तेच हिंदीतून, मग तेच छत्तीसगढीतून. तिन्ही वेळा लोकांनी श्वास ओढला. पुढे म्हातारी त्याला घरी नेते, बाजेवर बसवते, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडते. तू म्हणालास, ‘‘मायले मालूम हाये का हा बनवलेला हाये. तरी ते त्याले घरात घेऊन राहिली.’’ बायका पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. काकी, म्हणजे तुझी माय, पुढेच बसली होती. ती रडली नाही. नुसती पडद्याकडे बघत होती.

त्या रात्रीपासून तू माझं डोकं खाल्लंस. पुरतं दीड वर्ष. चहा प्यायला भेटलो तरी तेच, परांचीवर भेटलो तरी तेच. तू म्हणायचास, आईनं घरात घेतला म्हणजे तो मुलगाच झाला. मी म्हणायचो, बनवलेला तो बनवलेला. वीट मी लावतो, म्हणून काय मी तिचा बाप झालो?

‘‘अन् तू कोन हायेस बे?’’ तू म्हणालास. ‘‘गावी नांगर धरत होता. इथं सायबानं तुले विटा लावाले शिकवलं, नंबर देल्ला, बिल्ला लावला. तूबी बनवलेलाच हायेस.’’

‘‘मले भूक लागते.’’

‘‘भट्टीलेबी लागते.’’

तू इतका हसलास की खालून फोरमन ओरडला. आणि एकदा तर कहर केलास. जेवणाचा डबा उघडला होता, मी भाकरी तोडत होतो, आणि तू मध्येच म्हणालास, ‘‘सदा, त्याले कोनी सांगतलंच नसन तं? का तू बनवलेला हायेस म्हनून? तो तं आपल्याले खराच समजन.’’ मी म्हटलं, समजू दे. तू म्हणालास, ‘‘मंग आपल्याले कोनी सांगतलं?’’ आणि माझ्या डब्यातला मिरचीचा ठेचा उचलून घेऊन गेलास. दोन दिवस मी विटा लावताना माझ्या हाताकडे पाहत होतो. मूर्खासारखा. तुला हे कधी सांगितलं नाही, नाहीतर सगळ्या कॅम्पात करून टाकलं असतंस.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बाजारातून मातीचे बैल आणले. गावी घरोघरी खरे होते. इथे क्वार्टरमध्ये बैल कुठून आणणार? तू एक बैल हातात घेतलास आणि माझ्याच अंगावर सोडलास. ‘‘उद्या याले पुरनपोळी दाखवशीन ना? खानार हाये का तो?’’

‘‘रीत हाये ते.’’

‘‘रीत नाई. तुले बैल पायजे. बैल नाई तं बैलासारखा पायजे. त्या मायलेबी तेच पायजे होतं, दुसरं काय?’’

मी दमलो होतो, शालिक. भट्टीच्या आत दिवस काढून आलो होतो, कपडे अंगाला चिकटले होते, आणि तुझं ते चालूच. मी म्हटलं, ‘‘उद्या तू मेला अन् काकीले कोनी लाकडाचा शालिक आनून देल्ला, तं चालन का?’’ तू बैल माझ्या हातात ठेवलास. मग म्हणालास, ‘‘मायले विचार,’’ आणि सायकलवर टांग मारलीस. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी काय बोललो ते मला पुन्हा लिहायचं नव्हतं. पण तुझ्यापासून काय लपवायचं.

दहाव्या दिवशी समाजातली वडीलधारी मंडळी बसली. पाण्यात जाताना पाहणारे दोघे होते, तेव्हा वर्षानुवर्षं वाट पाहायची गरज नाही, पळसाचा पुतळा करून जाळावा आणि पुढचं मोकळं करावं, असं ठरलं. अग्नी मी द्यायचा, कारण लांबचा का होईना चुलतभाऊ मीच. काकी दारातच बसली होती. ती म्हणाली, नाही.

‘‘अन् तो आला तं?’’

एकानं पानाचा बटवा उघडला, तरी काकीचं चालूच होतं.

‘‘पुतळा जाळला अन् तो आला, तं त्याले घरात घेता येनार नाई. मालूम हाये ना तुमाले?’’

सगळ्यांनाच मालूम होतं. ज्याचा पुतळा जळाला तो जिवंत परत आला तर तो आपल्यात मेलेलाच. गुरुजी त्याचे जन्मापासूनचे सगळे संस्कार नव्यानं करणार, बारसंसुद्धा, तोवर तो उंबऱ्याबाहेर. मी तिथे बसल्या बसल्या तुला पाहिलं, दारात उभा, ओला, भूक लागलेला, आणि आम्ही आतून विचारतो आहोत, कोण तुम्ही? आमचा शालिक तर आम्ही आमच्या हातानं जाळला. तू असतास तर मांडी थोपटून म्हणाला असतास, आता सांग सदा, कोण खरा आणि कोण बनवलेला? पण तू नव्हतास, आणि मला हसू येत नव्हतं.

यमूताईनं मला बाजूला घेतलं. ‘‘सदाभाऊ, तुमीच सांगा तिले. चार घास खात नाई. दारातून उठत नाई. असं किती दिवस चालन?’’ मी म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी जोगळेकर मला कामावर भेटायला आले. तुझं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. विटांच्या थप्पीवर रुमाल टाकून बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, ‘‘सदाशिव, त्यानं माझ्या गैरहजेरीत तो रॉकेटचा सिनेमा सांगितला होता म्हणे. अजून कॅम्पात त्या बनवलेल्या माणसाची गोष्ट निघते. पण अहो, त्यात बनवलेला माणूस कुठेच नाही.’’

मी म्हटलं, म्हणजे?

‘‘तो मुलगा खराच असतो. वरून परत येतो, पण आजारी, स्मरण गेलेलं. त्या तारा डॉक्टरांनी छाती तपासायला लावलेल्या. डॉक्टर म्हणतात, याला आता काही आठवायचं नाही. आणि आई म्हणते, नाही तर नाही, माझा आहे, मी घरी नेते. एवढीच गोष्ट.’’

मी हसलो, शालिक. तू गेल्यापासून पहिल्यांदा. जोगळेकरांना वाटलं मला काहीतरी झालं, त्यांनी पाणी मागवलं. क्रेनचे वीस-पंचवीस शब्द घेऊन तू अख्ख्या मैदानाला एक माणूस बनवून दिलास. दीड वर्ष आपण ज्याच्या आतल्या तारांवरून भांडलो, तो नव्हताच. त्या सिनेमात बनवणारा कोणी असेल तर तो तू, उभ्या उभ्या, माइकवर, आणि कोणाला शंकाही येऊ दिली नाहीस. हे तुला सांगायची मला केवढी घाई झाली! मी खरंच उठलो आणि दोन पावलं चाललोही, तू जिथे उभा असायचास तिकडे.

मग हसू गेलं. कारण काकी आठवली. तिला हे सांगितलं तर काय होईल? गेलेला मुलगा परत येतो, स्वतःचं नाव विसरलेला, पण जिवंत. तिला तर हेच हवं होतं. मग ती जन्मभर दारातून उठली नसती. पुरात वाहिला, कुठल्याशा गावी लागला, काही आठवत नाही म्हणून आला नाही, असं धरून बसली असती. आणि मला, खरं सांगू, मला तसं धरायचं नव्हतं. मी दमलो होतो. पाण्याकडे पाहून पाहून डोळे दुखत होते. कोणीतरी येऊन म्हणावं, झालं, संपलं, आता घरी जा, असं वाटत होतं.

मी जोगळेकरांना म्हटलं, हे कोणाला सांगू नका.

संध्याकाळी काकीजवळ जाऊन बसलो. म्हटलं, ‘‘काकी, तो सिनेमा आठवते का? शालिकनं सांगतला तो?’’

‘‘आठवते ना.’’

‘‘त्या मायकडं जो आला, तो तिचा पोरगा होता का?’’

काकीनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘शालिकनं तं सांगतलं होतं, नाई म्हनून.’’

‘‘मंग? जो गेला तो गेला, काकी. कोनी आलाच तं तो दुसराच असन.’’

मी हे बोललो. तुझ्याच मायला, तुझ्याच चुकीच्या गोष्टीचा हवाला देऊन, आणि ती चूक आहे हे त्याच सकाळपासून माहीत असताना. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘बरं. करा.’’

मरोदा गावाच्या पुढे पळस आहेत. मी जाऊन काड्या आणल्या. गुरुजी मोजून द्यायचे, हाताला इतक्या, पायाला इतक्या, आणि मी दर्भानं बांधायचो. आयुष्यभर मातीच्या कामात घालवलेले हात, पण ते बांधताना मला घाम फुटला. डोक्याच्या जागी नारळ. वरून जवाचं पीठ कालवून लिंपलं. काकी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘खांदे रुंद कर. एवढा बारका नव्हता तो.’’ मी पुन्हा सोडून पुन्हा बांधलं. मग तिनं तुझा निळा सदरा आणून दिला, तो घातला, आणि मला बाहेर जावं लागलं.

चौघांनी खांदा दिला. वजन काहीच नव्हतं, एकट्यानं काखेत धरून नेला असता. पण रस्त्यात खड्डा आला की मी म्हणत होतो, सावकाश, सावकाश. कोणासाठी म्हणत होतो? एकदा नारळ कलंडायला लागला, तर मी धावत पुढे जाऊन खाली हात धरला, तान्ह्या मुलाच्या मानेखाली धरतात तसा, आणि घाटापर्यंत तो काढला नाही. तू जिंकलास, असं समज. दीड वर्षात कबूल केलं नव्हतं, ते त्या अर्ध्या मैलात कबूल केलं. पेटवताना मला वाटलं नाही की मी काड्या पेटवतो आहे. मला वाटलं, मी शालिकला जाळतो आहे आणि त्याचा श्वास चालू आहे की नाही हे मी नीट पाहिलेलं नाही. मी दोनदा मागे फिरलो. गुरुजींनी खांद्याला धरून वळवलं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती कामं. तांदूळ आण, माणसं मोज, केस काढ. दुःख करायलाही उसंत नसते, आणि एका अर्थी ते बरंच असतं. पण रोज काकीसमोर जेवायला बसलो की मला वाटायचं, आपण हिला फसवलं. ती ताट वाढायची आणि मी तिच्याकडे न पाहता जेवायचो.

काल तेरवी आटोपली. सगळे गेले. यमूताई आत निजली. काकी उरलेले तांदूळ सुपात घेऊन निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि एकदाचं बोलून टाकलं.

‘‘काकी, एक सांगाचं होतं. त्या सिनेमातला पोरगा खराच होता. शालिकची समज चुकली होती. जोगळेकर साहेबानं मले सांगतलं, पुतळ्याच्या आधीच. मले मालूम होतं, तरी मी तुमाले...’’

‘‘मलेबी मालूम होतं.’’

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो. तिनं सूप झटकलं.

‘‘अरे, मालूम होतं म्हनते ना. तवाच. घरी आल्यावर सिनेमातल्या त्या पोरानं हात धुतले, अन् न पाहता मायच्या कमरेच्या फडक्याले पुसले. लहानपनापासून पुसत आला असन, तवाच हात असा जाते. हे कोन्या कारखान्यात बनवतेत का?’’

‘‘मंग तुमी तवा बोलल्या कावून नाई?’’

‘‘माहा पोरगा एवढ्या लोकायसमोर माइक धरून उभा होता. किती खूश होता तो. त्याले खोटा पाडू का मी?’’

मी म्हटलं, ‘‘पन पुतळा? सिनेमातला पोरगा खरा होता हे तुमाले मालूम होतं, गेलेला पोरगा येऊ शकते हे मालूम होतं. मंग मी म्हटल्यावर हो कावून म्हटलं?’’

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. अजून एक काढला.

‘‘तू रोज नदीवर जाऊन राहिला होता, सदा. ड्युटी करून. जेवनाखान्याचं भान नाई. तुहे पाय पाहिले मी, पान्यानं सडले होते. तुह्या मायनं गावाहून दोनदा निरोप धाडला, का बाई, माह्या पोराकडं लक्ष ठेवजो.’’ मग तिनं सूप खाली ठेवलं. ‘‘मी नाई म्हनत राहिली असती, तं तू जात राहिला असता. पान्यानं एक नेला. दुसरा कावून देऊ?’’

आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

शालिक, तिनं तुला सोडलेलं नाही. तिनं तुझी वाट बंद केली ती मला घरी आणायला, आणि मी महिनाभर समजत होतो की मी तिला सांभाळतो आहे. तुझ्या बाजूनं मी रागावायला हवं का? माझ्यानं होत नाही. मी तिथे भिंतीला टेकून रडलो, आणि तिनं मला रडू दिलं. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

आज शिफ्ट सुटली. सायकल आपोआप दुर्गच्या रस्त्याला लागली. फाटकापर्यंत गेलो. मालगाडी जात होती, ती जाईपर्यंत उभा राहिलो. फाटक उघडलं, लोक पुढे गेले, आणि मी सायकल वळवली.

आता मी नदीवर येणार नाही. तू वाट पाहू नकोस.